मुहूर्त नसलेल्या दिवसांची कामं

कोल्हापुरात कुठल्याही फोटोग्राफरला विचारा काय करता, तो लगेच सांगणार, "फोटोग्राफी, फुल टाइम". खोटं नसतं ते, पण पूर्णही नसतं. थोडं बसा, चहा सांगा, मग हळूहळू कळतं की एकाचं फ्लेक्सचं दुकान आहे, दुसऱ्याची बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे म्हणून घर निवांत चाललंय, तिसरा पहाटे दुधाची लाइन टाकतो आणि चौथा एलआयसी एजंट आहे, जो लग्नात फोटो काढता काढता नवरदेवाच्या भावाला पॉलिसीपण विकतो (हा माणूस खरंच आहे, नाव सांगणार नाही, फोटो एक नंबर काढतो). इन्स्टावर मात्र सगळ्यांच्या बायोमध्ये फक्त कॅमेऱ्याची इमोजी. दूध कुणी लिहीत नाही.

मला अधूनमधून मेसेज येतात, "ताई, कॅमेरा घेतलाय, दोन-तीन ऑर्डरी झाल्यात, जॉब सोडू का?" मी उलट विचारते की जॉब कुठल्या दिवशी असतो? पोरांना हा प्रश्न विचित्र वाटतो. त्यांना वाटतं मी पगार विचारीन, नाहीतर पॅशन वगैरे काहीतरी बोलेन.

पण आमच्या लग्नाच्या फोटोग्राफीच्या धंद्यात विकायला असते ती तारीख. कॅमेरा भाड्यानं मिळतो, लेन्स मित्राकडून मागता येते, ड्रोनवाला वेगळा बोलावता येतो, पण तारीख एकदा गेली की गेली. आणि तारखा मोजक्याच. तुळशीची लग्नं लागली की सीझन उघडतो, पौषात बरेच जण थांबतात, माघ-फाल्गुनात पुन्हा जोर, मग चैत्र-वैशाख-ज्येष्ठ नुसती धावपळ आणि आषाढी एकादशी आली की चातुर्मास, कार्यालयांना कुलूप. त्यात पुन्हा चांगली तिथी सगळ्यांना एकच. त्या दिवशी शहरात एक कार्यालय रिकामं नाही, एक घोडा रिकामा नाही, एक फोटोग्राफर रिकामा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे घरी बसून कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कॉपी करतायत. २०२४ ला तर मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्राचा अस्त आला, मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ज्या दोन महिन्यांवर वर्षाचे हप्ते फिटतात त्याच दोन महिन्यांत, मोठमोठे लोक रंकाळ्यावर भेळ खाताना दिसायचे. तेव्हा जे फुल टाइमवाले आम्हाला "पार्टटाइम" म्हणून जरा तिरक्या नजरेनं बघायचे ना, त्यातल्या दोघांनी मलाच फोन करून विचारलं की शाळेच्या आयकार्डचं काम कसं मिळतं.

त्यामुळं माझं म्हणणं असं आहे की जोडकाम हे "धंदा उभा राहीपर्यंत" करायचं लाजिरवाणं काहीतरी आहे हा समजच चुकीचा. लग्नाच्या फोटोग्राफीचं वर्षच असं आहे की निम्मे दिवस रिकामे राहणार, ते कशानं तरी भरायचेच. फक्त कशानं भरायचे हे निवडताना लोक दोनच गोष्टी बघतात, पैसे किती आणि काम आपल्या फील्डमधलं आहे का. मी दोन वेगळ्या गोष्टी बघते. हे काम माझ्या तारखा मागतंय का, आणि माझी नजर खातंय का.

सेकंड शूटरपासूनच बघा. सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं, मलाही हेच सुचलं. दुसऱ्याच्या ऑर्डरीवर जायचं, रात्री पाकीट घ्यायचं. शिकायला मिळतं, प्रश्नच नाही. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टका चालू असतात, मेन फोटोग्राफर नवरीच्या अंगाला, मी नवऱ्याच्या, आणि "शुभमंगल सावधान" म्हटल्यावर अंतरपाट सरकतो तो क्षण दोन सेकंदांचा, त्यात वरून अक्षतांचा मारा, आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चेहरा सोडून उडणाऱ्या तांदळाच्या दाण्यामागं पळतो. शेवटच्या अष्टकाला चेहऱ्यावर फोकस लॉक करून ठेवायचा, मग काही झालं तरी फोकसच्या बटणाला हात लावायचा नाही, हे मला कुठल्या यूट्यूब व्हिडिओनं नाही शिकवलं, एका पेठवडगावच्या दादानं शिकवलं, ते पण ओरडून. शिवाय मुलगी असल्याचा एक फायदा. नवरीच्या खोलीत शिरायला मला कुणी अडवत नाही. "तू आत जा गं, आम्ही बाहेर थांबतो." हिरवा चुडा, मुंडावळ्या बांधताना आईचा चेहरा, करवल्यांची पिनांवरून भांडणं, सगळं माझ्याच कार्डात.

पण कार्ड माझं नाही ना. कार्यक्रम संपला की कार्ड काढून द्यायचं आणि घरी. आणि हे नुसतं रिवाजानं नाही, कायद्यानंही तसंच आहे. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा सांगतो की पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक म्हणजे ज्यानं पैसे देऊन काढून घेतला तो. बटण दाबणारा नाही. नोकरीत असताना काढलेले फोटो मालकाचे. निम्म्या फोटोग्राफरांना हे सांगितलं तर ते भांडायला उठतात, पण तसं आहे. म्हणून सेकंड शूटर म्हणून जाताना आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचं की दादा, दहा फोटो पोर्टफोलिओला वापरू का, कधीपासून वापरू, तुमचं नाव टाकून वापरू का. चांगली माणसं हो म्हणतात. जे लिहून द्यायला टाळाटाळ करतात त्यांच्याकडं पाकीटपण उशिरा मिळतं, हा माझा अनुभव.

खरी गोची तारखेची. मेन फोटोग्राफर हुशार असतो, तो दिवाळीतच तुमच्या सगळ्या चांगल्या तिथ्या धरून ठेवतो. मग जानेवारीत तुमच्याच गल्लीतली, तुमच्याच नावानं विचारत आलेली, स्वतःची म्हणावी अशी ऑर्डर येते, आणि तारीख बघितली तर नेमकी तीच. शब्द दिलेला असतो, मोडायचा नाही. ऑर्डर दुसऱ्याला द्यायची. असं दोन-तीन वेळा झालं की कळतं की सेकंड शूटिंग हे आपल्या धंद्याला मदत करणारं काम नाहीये, ते आपल्या धंद्याशी त्याच दिवसासाठी भांडणारं काम आहे. शिकण्यापुरतं करावं, एक-दोन सीझन, मग वर्षाला ठरावीकच तारखा द्याव्यात आणि त्याही आडदिवसाच्या.

अल्बम डिझाइनला तारखेची अडचण अजिबात नाही. उलट बारा बाय छत्तीसचे करिझ्मा अल्बम पावसाळ्यातच बनतात, शीटमागं पैसे, रात्री घरी बसून करायचं, आई जेवायला वाढून झोपली तरी चालतं. कागदावर बघाल तर फोटोग्राफरसाठी याच्याइतकं सोयीचं जोडकाम नाही. आणि तरीही कुणी विचारलं तर मी सांगते, नको करूस. कारण तिथं नजर जाते. दुसऱ्यांनी काढलेले हजारो फोटो, त्याच त्याच फोटोशॉपच्या तयार टेम्प्लेटा, नवरा-नवरी ढगात, नवरा-नवरी गुलाबाच्या पाकळीत, कोपऱ्यात इंग्रजीत प्रेमाच्या चार ओळी ज्या कुणीच वाचत नाही, आणि अकराव्या करेक्शनला फोन येतो की मधल्या आत्यांचा फोटो छोटा झालाय, मोठ्या आत्यांच्या बरोबरीनं पाहिजे. करेक्शनचं मी समजू शकते, आत्या म्हणजे आत्या. पण महिना-दोन महिने हे केल्यावर स्वतःच्या शूटला उभं राहिलं की डोकं आपोआप टेम्प्लेटमध्ये विचार करायला लागतं, इथं जागा सोड, इथं त्यांचे कटआउट बसतील. समोर काय घडतंय ते दिसतच नाही. पैसे मिळतात, पण तुम्ही जे विकायला बसलाय तेच झिजवून मिळतात.

आता त्या कामांबद्दल, ज्यांना फोटोग्राफर लोक नाकं मुरडतात.

पासपोर्ट फोटोचं काउंटर. राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत मी दुपारी बसायचे. मागं पांढरा कपडा, लाइटच्या दोन छत्र्या, एक स्टूल, भिंतीला खिळा आणि खिळ्याला काळा ब्लेझर. तो ब्लेझर म्हणजे स्टुडिओची इस्टेट. मागून चिमटे लावले की चौदा वर्षांच्या पोरालाही बसतो आणि साठीच्या पैलवानालाही, बटणं लागली नाहीत तरी चालतं कारण फोटो छातीपर्यंतच. शेजारी कंगवा, पावडरचा डबा आणि आरसा. फॉर्मांच्या दिवसांत झुंबड. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला तेव्हा चेहरा ऐंशी टक्के, कान दिसले पाहिजेत, पांढरी पार्श्वभूमी, कुणाला पोस्टकार्ड साइझ म्हणजे चार बाय सहा हवा, कुणाला फोटोखाली नाव-तारीख छापून. परदेशी निघालेल्यांची वेगळी तऱ्हा, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच चौकोनी, युरोपला पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर. चार बाय सहाच्या कागदावर आठ बसवायचे, कटरवर कापायचे, छोट्या पाकिटात घालायचे, दहा मिनिटांत माणूस मोकळा.

यात कसली कला, असं एका कॅन्डिडवाल्यानं मला तोंडावर विचारलं होतं. कला नाही रे बाबा, पण दिवसभरात जेवढी अनोळखी माणसं समोर बसतात तेवढी लग्नात पण बसत नाहीत, आणि प्रत्येकाला स्वतःचा चेहरा आवडत नसतो. प्रत्येकाला! हनुवटी वर करा म्हटलं की माणूस पूर्ण मान वर करतो. "नाक माझ्याकडं द्या" म्हटलं की बरोबर करतो. का ते मला माहीत नाही, पण ते वाक्य मी आजही नवरदेवांवर वापरते. चष्म्यावर लाइट चमकत असेल तर चष्मा काढायला नाही लावायचा, काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काच खाली झुकते, चमक जाते. खेड्यातून आलेल्या बाईनं डोक्यावरचा पदर खाली घ्यायचा की नाही हे ठरवायला आधी सोबतच्या माणसाकडं बघितलं तर मी त्या माणसाला बाहेर बाकड्यावर बसवायचे, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा, रिफ्लेक्शन पडतंय." कसलं रिफ्लेक्शन. पण मग फोटोत ती बाई दिसायची, तिचा नवरा नाही.

आणि फ्रेमचे फोटो. दुपारी तीनच्या सुमाराला कुणीतरी येणार, पायात चप्पल घातलीय की नाही याचंही भान नाही, हातात पिशवी, पिशवीत कुणाच्यातरी लग्नाचा जुना अल्बम. "वडील गेले. परवा उत्तरकार्य आहे. एवढाच फोटो आहे." एवढाच म्हणजे पंगतीतला, कोपऱ्यात, हातात पानाचा विडा, शेजाऱ्याचा खांदा निम्म्या गालावर. आख्खं आयुष्य गेलं, त्या माणसाचा एकट्याचा, धड एक फोटो नाही. मग तो खांदा काढायचा, राहिलेला गाल दुसऱ्या बाजूच्या गालावरून बनवायचा, मागं निळा रंग. "टोपी आहे ती काढून फेटा बसतोय का बघा ना." बसतोय की. आमच्याकडं फेट्यांच्या पीएनजी फाइलींचा फोल्डरच होता, भगवा, गुलाबी, कोल्हापुरी. एकदा एका आजींना तयार फ्रेम दाखवली तर त्या म्हणाल्या, "ह्यांनी जन्मात कधी फेटा घातला नाही, पण ऱ्हाऊ दे, चांगलं दिसतंय." त्या काउंटरवरूनच मला माझ्या स्वतःच्या धंद्यातली एक गोष्ट सुचली, जी कोल्हापुरात तेव्हा कुणी देत नव्हतं. लग्नाच्या दिवशी, गडबड सुरू व्हायच्या आधी, घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा, खिडकीजवळ बसवून, नीट एक फोटो. पॅकेजमध्ये लिहिते, वेगळे पैसे घेत नाही. माझ्या निम्म्या ऑर्डरी आज त्या फोटोंमुळं येतात. वर्षभर कॅन्डिड शिकून जे सुचलं नसतं ते पासपोर्ट काउंटरवर सुचलं.

शाळेची आयकार्डं फार सांगण्यासारखी नाहीत. जून-जुलै, म्हणजे नेमका रिकामा काळ, पोरांची लाइन, हातात रोल नंबरची चिठ्ठी, एका पोराला चार-पाच सेकंद, गैरहजर पोरांसाठी पुन्हा फेरी, आणि "श्रेया"चं स्पेलिंग चार घरांत चार प्रकारचं. पैसे उशिरा येतात पण येतात. करावं.

जोडकामांपैकी सगळ्यात फायद्याचं ठरलं त्यात मात्र कॅमेराच नव्हता. सकाळी सात ते अकरा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शन. उपाशीपोटी शुगर द्यायला आलेली माणसं, नाव, वय, कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं, पावती, पुढचा. मग तीच माणसं नाश्ता करून दोन तासांनी पीपीसाठी परत. अकराला गर्दी संपली की मी मोकळी. आम्ही दोघी होतो काउंटरला आणि आमचा आपसात समझोता होता, लग्नाची तिथी असली की ती माझी पाळी करणार, श्रावणातले आणि गणपतीतले तिचे सगळे रविवार मी करणार. मॅडमना काही फरक पडत नव्हता, काउंटरला कुणीतरी बसलं म्हणजे झालं. पगार बेताचा होता, पण पाच तारखेला खात्यात. कॅमेऱ्याचा हप्ता सात तारखेचा. एवढं एक जुळलं की माणसाला शांत झोप लागते, आणि शांत झोपलेला माणूस पाच हजारांत लग्न करून देतो का विचारणाऱ्याला नाही म्हणू शकतो.

शिवाय लॅबमध्ये "संध्याकाळी पाचला रिपोर्ट" म्हणजे पाचला रिपोर्ट. सव्वापाचला माणूस काउंटरवर हात आपटतो. आणि आम्ही फोटोग्राफर? अल्बम कधी मिळेल, तर "पुढच्या आठवड्यात". लग्न होऊन बारसं आलं तरी पुढचा आठवडा संपत नाही. मी माझ्या धंद्यात पावतीबुक सुरू केलं, त्यावर अल्बमची तारीख लिहून द्यायला लागले, आणि लोकांना फोटोंपेक्षा त्याचंच जास्त कौतुक.

आईला मात्र लॅब फार आवडायची. स्थळं यायची तेव्हा "मुलगी काय करते" याला आईचं ठरलेलं उत्तर, "लॅबमध्ये आहे". फोटोग्राफी हा विषयच नाही. एका स्थळानं समजूत करून घेतली की मी टेक्निशियन आहे आणि चहा-पोहे झाल्यावर मुलाच्या काकांनी मला थायरॉइडचा रिपोर्ट वाचायला दिला. मी वाचला. जास्त होता, डॉक्टरांना दाखवा म्हटलं.

मग २०२० आलं. लग्नं आधी बंद, मग पन्नास माणसांत, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसं आणि दोन तास, त्यात फोटोग्राफर पंचवीसमध्ये मोजायचा की नाही यावरून कार्यालयाच्या दारात वाद. ज्यांचं सगळंच लग्नावर होतं त्यांनी लेन्सा विकल्या, खूप चांगल्या माणसांनी विकल्या, मिळेल त्या किमतीला. लॅब तेवढी रात्रंदिवस चालू होती. मी मास्क घालून पावत्या फाडत होते आणि मनात म्हणत होते की माझी सत्तरची लेन्स घरी कपाटात आहे, आहे तशी. यात माझी काही हुशारी नव्हती, पण तेव्हापासून एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवणाऱ्यांच्या गप्पा मी फारशा मनावर घेत नाही.

गुजरीचं काम लॉकडाऊन उठल्यावर आलं. महाद्वार रोडपासून पाच मिनिटांवर, सगळी सराफांची गल्ली, त्यातल्या एका दुकानाला व्हॉट्सअॅप कॅटलॉगसाठी दागिन्यांचे फोटो हवे होते. आडवारी, सकाळी, दुकान उघडायच्या आधी, वरच्या मजल्यावर. म्हणजे तारखांना धक्का नाही, आणि नजर? नजर उलट धारदार होते. सोनं म्हणजे आरसा. ठुशीच्या प्रत्येक मण्यात कॅमेरा दिसतो, छताचा पंखा दिसतो, मी पिवळा कुर्ता घातला असेल तर तोही दिसतो. म्हणून काळे कपडे घालून जायचं, दागिन्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करायचा, लाइट बाहेरून मारायचा, आणि मग सगळं इतकं पांढरंफटक होतं की साजाच्या पानड्यांचे काठच हरवतात. तेव्हा काळ्या कार्डशीटच्या बोटभर पट्ट्या कापून तंबूच्या आत उभ्या करायच्या, त्यांची काळी रेघ सोन्यात पडते आणि एकदम मासा मासा दिसतो, कासव कासव दिसतं, नक्षी वर येते. त्या पट्ट्या अर्धा इंच इकडं-तिकडं करण्यात तास जातो. शेजारी दुकानाचा माणूस बसलेला, सुरुवातीला दागिना काट्यावर घालून वजन लिहिलेलं, शेवटी पुन्हा काट्यावर. त्यात कुणी वाईट वाटून घ्यायचं नसतं, तो रिवाज आहे.

पहिला लॉट दाखवला तर शेठ म्हणाले, "फोटो झकास आहेत, पण हे एक ग्रॅमचं वाटतंय." व्हाइट बॅलन्स जरा थंड गेला होता, पिवळा लिंबाकडं झुकलेला. बावीस कॅरेटचा पिवळा वेगळा, त्यात किंचित लाल असतो, आणि आपल्याकडच्या बायकांना तो फोनच्या स्क्रीनवरसुद्धा कळतो. मग शेठनी एक जुनी पाटली मागवली, माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली आणि म्हणाले, असा आणा. आजही ती पाटली ठेवूनच मी रंग बघते. नंतर त्यांच्याच ओळखीतून चपलांचं काम आलं, ऑनलाइन विकणाऱ्यांचं, तिथं नियम वेगळे, अॅमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूनं फ्रेमचा पंच्याऐंशी टक्के भाग भरलेला हवा. त्यानंतर शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांचं, प्रदर्शनासाठी कास्टिंगचे फोटो, वजन चाळीस किलो, हलवायला दोन माणसं. कंपन्या पैसे देताना टीडीएस कापतात, म्हणून रिटर्न भरायची सवय लागली, आणि रिटर्न होते म्हणून पुढं बँकेनं लोन दिलं. हे सगळं लग्नात रोख पाकिटं घेऊन झालं नसतं.

आता दुसरी बाजूपण सांगते, कारण ती खरी आहे. फुल टाइमवाल्यांचा आमच्यावर राग असतो की नोकरीवाले हौशी लोक रेट पाडतात. पगार चालू आहे म्हटल्यावर शनिवार-रविवारचं लग्न कमी पैशात करायला काय जातंय! माझ्या बघण्यात असे बरेच आहेत. पण जोडकामाचा उपयोग मुळात रेट धरून ठेवायला असतो. पगार असताना स्वस्तात काम करणाऱ्याला स्वतःचं काम कधीच महाग करता येत नाही, कारण पगार सुटला की त्याच गिऱ्हाइकाकडं तिप्पट कसे मागणार? मग तो आयुष्यभर शनिवार-रविवारचाच राहतो.

आणि सोडायचं कधी, तर मला जुन्या काळचे मोठे फोटोग्राफर राजा दीनदयाळ आठवतात. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, १८६६ पासून. कॅमेरा हातात आला १८७४ च्या सुमाराला. म्हणून लगेच राजीनामा फेकला नाही. नोकरी करत फोटो काढले, मोठ्या साहेबांबरोबर दौरे केले, मग लांब रजा काढली, रजेत कामाचा जम बसतोय का ते बघितलं, आणि त्यानंतर नोकरी सोडली. पुढं हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर, १८९६ ला मुंबईत स्टुडिओ. रजा काढून बघणं हे मला फार आवडलं, मी पण लॅबमध्ये आधी एक आख्खा उन्हाळा बिनपगारी घेतला होता, नंतर सोडलं. आणि आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांच्याच नात्यातले आनंदराव तर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि इकडं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायची खटपट. आनंदराव १९१६ ला गेले, तरी बाबूरावांनी सोडलं नाही, १९१८ च्या सुमाराला कॅमेरा तयार झाला आणि १९२० ला पहिला चित्रपट लागला. पडदा रंगवणाऱ्या माणसाच्या सिनेमातली दृश्यं कशी उभी राहिली असतील याचा विचार करा. पडदे रंगवण्यात वेळ वाया गेला असं कोण म्हणेल?

सध्या माझ्याबरोबर एक पोरगा सेकंड शूटर म्हणून येतो. इचलकरंजीचा, सकाळी एका यार्नच्या ऑफिसात बिलिंग करतो. परवा त्याचा मेसेज आला, तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच मोठी तिथी, जी मी त्याच्या नावावर दिवाळीच्या किती तरी आधी धरून ठेवलीय, त्याच दिवशी त्याला त्याची पहिली स्वतःची ऑर्डर आलीय, मामाच्या मित्राच्या मुलीचं लग्न. ताई काय करू? तुम्हाला शब्द दिलाय म्हणाला. मी जरा वेळ फोनकडं बघत बसले, मला आधी रागच आला, खरं सांगते, मेन फोटोग्राफर दिवाळीतच तिथ्या का धरून ठेवतात ते त्या दिवशी मला नीट समजलं. मग त्याला लिहिलं, घे ऑर्डर, आणि पाच हजारांत घेतलीस तर परत तोंड दाखवू नकोस.

तर त्या तारखेला मला सेकंड शूटर पाहिजे. कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर, कुठलाही चालेल, मुलगी असेल तर उत्तम. पाकीट त्याच रात्री मिळेल, दहा फोटो पोर्टफोलिओला वापरायचं लिहून देईन. अल्बम डिझाइन करायला सांगणार नाही.